न सांडणारा पेला : बालकाच्या पानपात्राची निवड आणि आपले कर्तव्य

प्रास्ताविक

बालकास काय द्यावे, किती द्यावे आणि केव्हा द्यावे याविषयी कौमारभृत्यात विपुल विवेचन आहे. आपण वैद्यमंडळी ते मातांना नित्य सांगत असतो. मात्र ते कशातून द्यावे, हा प्रश्न आपल्या विचारणेतून बहुधा निसटतो. पूर्वी तो विचारण्याचे कारणही नव्हते. घरोघरी वाटी-चमचा होता, तान्ह्यासाठी बोंडले होते आणि मूल बसू लागले की त्याच्या हाती आपसूकच फुलपात्र येत असे. आज त्या जागी झाकणाचा, चोचीचा, उलटा केला तरी थेंब न सांडणारा प्लास्टिकचा पेला आला आहे. बाजारात त्यास 'सिपर' म्हणतात. औषधाच्या दुकानात तो दुधाच्या बाटल्यांशेजारी मांडलेला असतो आणि 'यातला चांगला कोणता?' हा प्रश्न ग्राहक दुकानदारास, तर रुग्ण बालकाची माता आपणास विचारते.

या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे, हे आम्हांस एका चुकीतून कळले. ती चूक येथे प्रथम नमूद करून मग पात्राच्या निवडीचे विवेचन करावे, असे योजिले आहे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी वीस महिन्यांचा एक बालक माता व आजीसमवेत आमच्या चिकित्सालयात आला. दोन-अडीच महिन्यांपासून अधूनमधून द्रवमलप्रवृत्ती, अग्निमांद्य, मुखदौर्गंध्य आणि वजनाची थांबलेली वाढ अशी लक्षणे होती. ज्वर नव्हता, जलक्षयाची चिन्हे नव्हती. वरच्या पुढील दातांवर हिरडीलगत पिवळसर रेषा दिसत होत्या. आम्ही बालचातुर्भद्र चूर्ण मधातून देण्यास सांगितले व पथ्य लिहून दिले. दोन-चार दिवस उपशय मिळे आणि पुन्हा पूर्वस्थिती येई. असे तीन आठवडे चालले. तिसऱ्या भेटीत आम्ही मातेवरच अपथ्याचा ठपका ठेवला. ती बिचारी निरुत्तर झाली.

चौथ्या भेटीच्या वेळी बालकाच्या हातातील सिपरकडे आमचे लक्ष गेले. तो प्रत्येक भेटीत त्याच्या हाती होताच, आम्ही पाहिला नव्हता इतकेच. आम्ही तो मागून घेऊन उघडला. झाकणाच्या आतील रबरासारखी झडप निघेना. शेवटी आजीबाईंनी केसांतला आकडा काढून ती उचकटली. झडपेच्या मागे काळपट, बुळबुळीत थर होता आणि त्याच थरात आमच्याच चूर्णाचा गाळ अडकून बसला होता. मूल चाटण घेत नाही म्हणून माता ते दुधात मिसळून सिपरमध्ये भरीत असे. 'थोडे थोडे करून दिवसभरात पोटात जाईल' ही तिची समजूत होती. तसे करू नये, असे आम्ही कधी सांगितले नव्हते.

सिपर बंद केला, दूध फुलपात्राने व औषध वाटी-चमच्याने देण्यास सांगितले. पंधरवड्यात मलप्रवृत्ती बांधून होऊ लागली व भूक परतली. दातांसाठी बालकास दंतवैद्यांकडे पाठविले. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पेला बंद होणे आणि औषधाची मात्रा प्रथमच पूर्ण पोटात जाणे ही दोन्ही एकाच वेळी घडली. त्यामुळे गुण नेमका कशाने आला, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. परंतु निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या आम्ही निदान बालकाच्या हातात असूनही तीन आठवडे पाहिले नाही, हे मात्र खरे. त्या मातेची आम्ही क्षमा मागितली.

शास्त्रातील पात्रविचार

सिपर ही वस्तू नवी असली तरी तिच्या परीक्षेची दृष्टी आपल्या ग्रंथांत आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमाराची खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे. ती रंगीत, आवाज करणारी व मनोरम असावीत. ती जड नसावीत, तीक्ष्ण टोकाची नसावीत, तोंडात शिरणारी नसावीत, प्राणास अपाय करणारी वा भय उत्पन्न करणारी नसावीत. बालकाच्या हाती दिवसभर राहणारा पेला हे एक प्रकारे खेळणेच होय. त्यास हेच निकष लावले असता कठीण, लांब चोचीचा पेला 'तोंडात न शिरणारा' या कसोटीवर उतरत नाही, हे सहज लक्षात येईल.

दुसरा आधार आहारविधीचा. अन्न तन्मन होऊन, न बोलता, न हसता सेवन करावे, असे चरकाचार्य सांगतात. पूर्वीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे म्हणजे अध्यशन, आणि ते व्याधिजनक मानले आहे. न सांडणाऱ्या पेल्याचा सर्वांत मोठा दोष येथेच आहे. तो सांडत नाही म्हणून बालकाच्या हाती राहतो, हाती राहतो म्हणून बालक दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट घेते. दूध हे गुरु, स्निग्ध व कफकर. बाल्यावस्था ही स्वभावतः कफाची. अशा अवस्थेत दिवसभर घोटाघोटाने दूध पोटात जात राहिले, तर जेवणाच्या वेळी भूक कोठून असणार? 'काहीच खात नाही हो' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक माता वास्तविक दिवसभर बालकास काही ना काही पाजीत असतात.

सिपरची घडण

न सांडणारा पेला १९८० च्या दशकात अमेरिकेत रूढ होऊ लागला. रिचर्ड बेलँगर या यंत्र-अभियंत्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. लहान मुलाने घरभर सांडलेला रस पुसून कंटाळल्यामुळे त्यांनी झडपेचा पेला तयार केला. म्हणजे या वस्तूचा मूळ हेतू सतरंजी कोरडी ठेवणे हा होता, बालकास पिण्यास शिकविणे हा नव्हता. हा भेद निवड करताना विसरू नये.

आज बाजारात प्रामुख्याने पुढील प्रकार दिसतात.

पहिला प्रकार झडपेच्या चोचीचा. चोचीच्या तळाशी सिलिकोनची चीर दिलेली चकती असते. बालकाने जोराने ओढले की चीर उघडते, ओढणे थांबताच मिटते. पिण्याची क्रिया बाटलीच्या बुचाप्रमाणे चोखण्याचीच राहते. दुसरा प्रकार चोचीचा, परंतु झडपेविना. तो उलटा केल्यास हळूहळू गळतो, मात्र बालकास चोखावे लागत नाही, पेला कलता करून घोट घ्यावा लागतो. तिसरा प्रकार नळीचा. नळीस वाकवून बंद करणारे झाकण असते, काहींत नळीच्या टोकास वजन असते. चौथा प्रकार सर्व बाजूंनी पिता येणारा. वरच्या कडेवर सिलिकोनची तबकडी बसविलेली असते व ओठाने ती दाबली असता कडेतून द्रव येतो. याची ठेवण उघड्या पेल्याच्या जवळची असली तरी तबकडीच्या खाली दुधाचा अंश साचतो, हे ध्यानात ठेवावे.

दोषविचार

१. दंतदोष. साखर असलेला कोणताही द्रव दातांवर आला की मुखातील जंतू आम्ल निर्माण करतात आणि लाळेने ते आम्ल निवळण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. एका बैठकीत एक पेला दूध पिणाऱ्या बालकाच्या दातांवर हा आघात एकदा होतो. तेच दूध दोन तास घोटाघोटाने पिणाऱ्याच्या दातांवर तो अखंड होत राहतो. सुश्रुतोक्त कृमिदंतक हा व्याधी दुधाच्या दातांत इतक्या लवकर दिसण्याचे हे एक प्रमुख कारण होय. अमेरिकन डेंटल असोसिएशन बालकास पहिल्या वाढदिवसापर्यंत बाटलीकडून पेल्याकडे वळविण्याचा सल्ला देते आणि पेला झडपेविना असावा असे सांगते. झडपेचा पेला ही वेषांतर केलेली बाटलीच, असा त्यामागील अभिप्राय आहे.

२. आघात. अमेरिकेतील तातडीच्या उपचारकक्षांतील नोंदींचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते २०१० या काळात तीन वर्षांखालील सुमारे ४५,००० बालकांना बाटल्या, चोखण्या व सिपर यांमुळे इजा झाल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. त्यांपैकी सुमारे १४ टक्के इजा सिपरमुळे झालेल्या होत्या. बहुतेक इजा वस्तू तोंडात असताना पडल्याने झाल्या आणि जखम बहुधा मुखात होती. नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल तोंडात चोच धरून दुडूदुडू धावते, हे आपणही रोज पाहतो. बसून पिण्याचा नियम केवळ शिष्टाचाराचा नाही, तो असा रक्षणाचाही आहे.

३. मलसंचय. झडप, तिची खाच आणि नळीचे कोपरे येथे दुधाचा स्नेह व साखर अडकते. तेथे ओल राहते, प्रकाश पोचत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाने झडपेमध्ये बुरशी धरण्याच्या तक्रारींवरून सुमारे ३१ लाख पेले परत मागविले. ती झडप अखंड, न उघडणारी होती. तक्रारींत बालकांना वांत्या व अतिसार झाल्याचाही उल्लेख होता. आमच्या रुग्णाच्या पेल्यातील काळा थर हा त्याच जातीचा.

४. ओष्ठ-जिव्हेची क्रिया. उघड्या पेल्यातून पिताना बालक खालचा ओठ कडेस टेकवते, जबडा स्थिर ठेवते आणि जीभ मागे घेऊन घोट गिळते. चोचीच्या पेल्यात चोच जिभेवर टेकते व स्तनपानातील चोखण्याची हालचाल पुढे चालू राहते. वाक्चिकित्सक याच कारणाने चोचीचा दीर्घ वापर टाळण्यास सांगतात. सिपरमुळे बोलणे बिघडतेच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मातेस त्या भीतीने ग्रासणे योग्य नव्हे.

पात्राचे द्रव्य

घाट कितीही उत्तम असला तरी पात्र कशाचे आहे, हा प्रश्न उरतोच. सुश्रुतसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात घृत लोहपात्रात, पानक मृत्पात्रात असा द्रव्यानुसार पात्रविचार केलेला आहे. आजच्या पात्रांविषयीही तोच विवेक करावा लागेल.

प्लास्टिक घ्यावयाचेच झाल्यास पॉलिप्रोपिलीनचे घ्यावे. तळाच्या त्रिकोणात ५ हा अंक असतो. अंक ७ असल्यास तो पॉलिकार्बोनेट असू शकतो, त्यात बिस्फेनॉल-ए हे द्रव्य असते. युरोपीय संघाने २०११ मध्ये पॉलिकार्बोनेटच्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी घातली व २०१८ मध्ये ती बालकांच्या पेल्यांपर्यंत वाढविली. अमेरिकेने २०१२ मध्ये बाटल्या व सिपर या दोहोंतून त्यास वगळले. आपल्याकडे २०१५ च्या भारतीय मानकानुसार दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर निषिद्ध आहे. अंक, उत्पादकाचे नाव व पत्ता यांपैकी काहीच नसलेला, आठवडी बाजारातील स्वस्त पेला कोणत्याही रंगाचा असला तरी घेऊ नये.

एकपदरी स्टेनलेस स्टील हे सर्वांत निर्धास्त. दुपदरी, ऊन-गार राखणाऱ्या पेल्यांच्या तळाशी काही वेळा डाखाचा ठिपका असतो व त्यावर टोपी बसविलेली असते. २०२२ मध्ये अमेरिकेत बालकांचे असे काही पेले, तळ निघून शिसेयुक्त डाख उघडा पडण्याच्या शक्यतेवरून परत मागविण्यात आले. म्हणून तळाची टोपी सैल झालेला पेला तत्काळ बाद करावा.

आता ताम्र व पितळ यांविषयी. येथे आमचे म्हणणे काही वैद्यबंधूंस कदाचित रुचणार नाही, तथापि ते मांडणे अगत्याचे वाटते. बारशाला व उष्टावणाला तांब्याचे छोटे पेले भेट देण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे आणि 'आयुर्वेदात सांगितले आहे' असे म्हणून ते विकले जातात. सुश्रुतांच्या उपर्युक्त अध्यायात उत्तम तापवून थंड केलेले पय ताम्रपात्रात द्यावे, असा उल्लेख आहे, हे खरे. परंतु तो अध्याय भोजनाच्या वाढणीविषयी आहे. क्षीरप बालकाच्या परिचर्येचा तो विधी नव्हे. वाढणे निराळे आणि दूध त्याच पात्रात तापविणे व तासन् तास ठेवणे निराळे. शिवाय विषात एक दोष तर अशोधित ताम्रात आठ, असे आपलेच रसशास्त्र बजावते.

या इशाऱ्याचे प्रत्यंतर महाराष्ट्रातच आले. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' या नावाने ओळखला जाणारा यकृद्रोग एके काळी आपल्या बालकांचे प्राण घेत असे. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ व १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या रोगाचा संबंध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या व साठविलेल्या वरच्या दुधाशी दाखविला. दुधातील प्रथिनांशी तांबे बद्ध होते व कोवळ्या यकृतात साचते. पुढे घराघरांत स्टीलची भांडी आली, तशी ती व्याधी दुर्मीळ झाली. ज्या भूमीत हा धडा मिळाला, तेथेच आपण बालकाच्या दुधासाठी पुन्हा तांब्याचा पेला सुचवावा, हे योग्य होणार नाही. दूध, ताक, फळांचा रस हे बालकास तांब्या-पितळेच्या पात्रातून देऊ नयेत.

जुन्या बोंडल्याविषयीही डोळस असावे. त्याची तोटी अरुंद, आतून न दिसणारी. झडपेचा जो दोष तोच तिचाही. शिवाय घाईने ओतल्यास दूध श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. केवळ जुने म्हणून ते निर्दोष ठरत नाही. त्यापेक्षा उघडी वाटी व चमचा सरस.

निवडीचे निकष

सिपर घ्यावाच लागला, तर प्रवास, पाळणाघर किंवा दवाखान्यातील प्रतीक्षा अशा प्रसंगांपुरता घ्यावा. निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पेल्याचे सर्व भाग बोटांनी सुटे होतात का? सुई, आकडा वा चमचा लागत असेल तर तो पेला घेऊ नये.

२. सुट्या झालेल्या प्रत्येक भागाच्या आरपार उजेड दिसतो का? जेथे उजेड पोचत नाही, तेथे ब्रशही पोचत नाही.

३. भाग किती आहेत? तीन भागांचा पेला रोज धुतला जातो. सात भागांचा चार दिवसच नीट धुतला जातो.

४. झडप काढून ठेवूनही पेला वापरता येतो का? आल्यास तो उत्तम. घरी झडपेविना व बाहेर झडपेसह, असा दुहेरी उपयोग होतो.

५. चोच मऊ व आखूड आहे का? कठीण व लांब चोच टाळावी.

६. बालकास दोन्ही हातांनी धरता येईल असे कान आहेत का व रिकामा पेला हलका आहे का?

७. झडप वेगळी विकत मिळते का? न मिळाल्यास फाटकी झडप महिनोन् महिने वापरली जाते. फाटलेल्या सिलिकोनचा तुकडा घशात अडकू शकतो.

८. आतील द्रवाची पातळी बाहेरून दिसते का? मूल किती प्याले, हे मातेस कळले पाहिजे.

'अजिबात सांडत नाही' हा गुण या यादीत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. घरात बसून पिणाऱ्या बालकास त्याची आवश्यकता नाही. जो पेला थोडा सांडतो, तोच पेला सावरून धरण्यास शिकवितो.

वयानुसार क्रम

सहाव्या महिन्यापासून लघु व हितकर अन्न द्यावे, असे सुश्रुतमत. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. दात आलेल्या बालकास क्रमाक्रमाने स्तन्यापासून दूर न्यावे, असे वाग्भटाचार्य म्हणतात. या क्रमाशी पात्राचाही क्रम जुळविता येतो. उष्टावणाच्या सुमारास, मूल आधाराने नीट बसू लागले की मांडीवर घेऊन फुलपात्राच्या कडेने उकळून थंड केलेल्या पाण्याचे एक-दोन घोट द्यावेत. फुलपात्र लहान घ्यावे व त्यात दोन चमचेच पाणी असावे, म्हणजे सांडले तरी दोन चमचेच सांडेल. वर्षाचे मूल मोठ्यांनी धरलेल्या उघड्या पेल्यातून पिते आणि दीड वर्षाचे स्वतः, क्वचित सांडत, पिते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या विकासटप्प्यांच्या यादीतही हेच टप्पे दिले आहेत. म्हणजे सिपर हा मधला टप्पा सर्वांसाठी अपरिहार्य नाही.

ज्या बालकास सिपरची सवय जडलेली आहे, त्याचा पेला एकाएकी हिसकावून घेऊ नये. अहितकर सवय पादांशक्रमाने सोडावी, या चरकोक्त नियमाचा येथे उत्तम उपयोग होतो. दिवसातून चार वेळा सिपर घेणाऱ्याची प्रथम दुपारची वेळ फुलपात्रावर आणावी, ती रुळली की सकाळची, मग सायंकाळची. निजतानाची वेळ सर्वांत शेवटी सुटते. तोवर त्या वेळी सिपरमध्ये केवळ पाणी असावे. आमच्या अनुभवात तीन-चार आठवड्यांत बहुतेक बालके सुटतात. आजोबा-आजींनी त्याच ताटाशी बसून त्याच घाटाच्या फुलपात्राने पाणी प्याले, तर त्याहूनही लवकर.

काय भरावे, काय भरू नये

सिपरमध्ये पाणी भरावे. दूध द्यावयाचे झाल्यास एका बैठकीत, बसवून द्यावे व उरलेले तासाभरात टाकून द्यावे. वर्षानंतरही दिवसभरात अर्ध्या लिटरहून फार अधिक दूध देऊ नये. त्यामुळे अन्न मागे पडते व लोहाच्या अभावाने पांडुता येते. फळांचा रस वर्षाच्या आत देऊ नये व एक ते तीन वर्षे वयात १२० मिलिलिटरहून अधिक देऊ नये, शिवाय तो सहज सोबत बाळगता येणाऱ्या झाकणाच्या पेल्यातून देऊ नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितले. ते आपल्या अध्यशनविचाराशी जुळणारेच आहे.

औषध तर सिपरमध्ये कदापि भरू नये. चूर्ण झडपेत बसते. अरविंदासवासारखी मधुर आसवे दातांवर रेंगाळतात आणि मात्रा किती गेली हे कोणालाच कळत नाही. औषध वाटी-चमच्याने, समक्ष, एका वेळी द्यावे व त्यावर दोन घोट पाणी पाजावे. चिठ्ठीवर 'चमच्याने द्यावे' हे दोन शब्द आम्ही आता आवर्जून लिहितो.

शोधन

वापर होताच पेला सुटा करावा. झडपेसह प्रत्येक भाग साबण व कोमट पाण्याने, बारीक ब्रशने घासावा. दिवसातून एकदा, उत्पादकाने उकळण्यास योग्य म्हटलेले भाग पाण्यात उकळावेत. नंतर स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्ण वाळवावेत, शक्य तर उन्हात. ओला पेला जोडून ठेवणे हे बुरशीस आमंत्रण होय. झडप चिकट, काळी वा फाटकी झाल्यास धुवीत बसू नये, टाकून द्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंस

दुकानदारांचे यात मोठे साहाय्य होऊ शकते. १९९२ चा शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीचा कायदा २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार या वस्तूंची जाहिरात, भेटयोजना व प्रलोभने यांस मनाई आहे. औषधांची दुकाने व आरोग्यसेवकांच्या संघटना याही त्यात आरोग्ययंत्रणा म्हणून समाविष्ट आहेत. दुधाची बाटली मानकचिन्हाविना विकता येत नाही आणि 'बाटली' या शब्दाच्या व्याख्येत तिला जोडता येणारे बूच व झडपही येते. एकाच पेल्याला आलटून-पालटून बूच व चोच बसविता येत असेल, तर तो बाटलीच समजून व्यवहार करावा, हे शहाणपणाचे. आम्हीही या लेखात कोणत्याही छापाचे नाव हेतुपुरस्सर घेतलेले नाही.

याखेरीज तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सिपर विकताना तो ग्राहकासमोर एकदा पूर्ण सुटा करून दाखवावा. जो पेला स्वतःस सुटा करता येत नाही, तो मागवू नये. ज्यांच्या सुट्या झडपा मिळतात तेच पेले ठेवावेत. आणि लहान स्टीलचे फुलपात्र शेजारच्या भांड्यांच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते, हे ग्राहकास सांगण्यात संकोच करू नये. त्या विक्रीत आपला नफा नाही, परंतु तेच ग्राहक पुढे वर्षानुवर्षे आपल्या शब्दावर विसंबतात.

उपसंहार

आपल्या मराठीत एखाद्याच्या भाबडेपणावर बोट ठेवताना 'अजून बोंडल्याने दूध पितोस का?' असे विचारतात. पात्र बदलणे हे वाढीचे लक्षण आहे, हे त्या लोकोक्तीत गृहीतच धरलेले आहे. वाटी-चमच्यावरून फुलपात्रावर येणे हा बालकाच्या वाढीतील एक लहानसा संस्कारच होय, आणि त्यात थोडे पाणी सांडणारच. सांडलेले पाणी फडक्याने पुसता येते.

अतिसार, अग्निमांद्य, दंतविकार किंवा वजन न वाढणे यांपैकी कोणतीही तक्रार घेऊन दोन-तीन वर्षांखालील बालक आले, तर नाडी, जिव्हा व मल यांच्या परीक्षेबरोबर 'पिण्याचे भांडे दाखवा' असे म्हणण्याची सवय वैद्यबंधू-भगिनींनी लावून घ्यावी. भांडे हाती घ्यावे, उघडावे व वास घ्यावा. या परीक्षेस दोन मिनिटे लागतात. आम्ही ती केली नाही, म्हणून एका बालकाचे तीन आठवडे व त्याच्या मातेचा आमच्यावरील विश्वास काही काळ व्यर्थ गेला. इत्यलम्.